खरं-खोटं पोरांना कधी कळतं? आधी कप फोडून बघा (गोष्टीतले)

मुलुंड स्टेशनला तिकिटाच्या लाइनीत मी धाकट्याला पढवून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर चार म्हणायचं, कारण पाच पूर्ण झाले की हाफ तिकीट लागतं आणि साहेब नुकतेच पाचचे झालेले. टीसी काही आला नाही, पण डब्यात शेजारच्या काकूंनी कौतुकाने वय विचारलं तर हा खणखणीत आवाजात, "पाच, पण आज चार!" अख्खा लेडीज डबा हसला. रात्री झोपताना म्हणतो, खोटं बोललं की पोलीस नेतात ना, मग तुला का नाही नेलं?

हे ऐकून भाषण द्यायची घाई करू नका. आधी पोर कुठे उभं आहे ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे. दोन गोष्टी सांगायच्या. एका मुलाला जेवायला हाक मारली, तो आला, दार ढकललं, दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे होता हे त्याला माहीतच नव्हतं, 15 कप फुटले. दुसरा आई बाहेर गेल्यावर कपाटावर चढून मुरांबा ढापायला गेला, त्यात 1 कप फुटला. जास्त चूक कोणाची? ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाची ही गोष्ट, 1932 च्या पुस्तकातली (त्याच्याकडे जॅम होता, मुरांबा माझा). लहान पोरं बरेचदा 15 वाल्याला धरतात, मोठी ढापणाऱ्याला. आमचा धाकटा म्हणाला "पंधरा! बापरे, आई किती ओरडेल", आणि थोरली, वय दहा, "अगं पण त्याला माहीत कुठे होतं". उत्तर काय आलं त्यापेक्षा "का रे?" विचारल्यावर काय आलं ते लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथेच आहे.

पोर कप मोजत असेल तर त्याच्यासाठी चूक म्हणजे नुकसान आणि ओरडा. अशा वयात "बाप्पा बघतोय, कान कापेल" हे लगेच चालतं म्हणून आपण वापरतो, पण या वयातल्या पोरांना तसंही वाटत असतं की चूक केली की शिक्षा आपोआप येते. धाकट्याला ताप आला तेव्हा रडत म्हणाला, मी ताईचा पेप्सीकोला खाल्ला म्हणून आला ना? मी त्या दिवसापासून बाप्पाला यातून बाहेर काढलं. त्याऐवजी समोरच्याचं काय झालं ते दाखवा, "तू ढकललंस, तिचं कोपर सोललं, बघ किती झोंबतंय". एक वाक्य पुरे, लेक्चर लावलं की पोराचं लक्ष खिडकीतल्या कबुतराकडे.

आणि लहान म्हणजे अगदीच ढ असंही समजू नका हां. विचारून बघा, "टीचर म्हणाल्या की आज युनिफॉर्म नको, तर चालेल?" चालेल. "टीचर म्हणाल्या की आज दुसऱ्याला मारलं तरी चालेल, तर?" चार-पाच वर्षांची पोरंही बहुतेक नाही म्हणतात. इलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञाने हाच फरक मांडला, शिस्तीचा नियम वेगळा आणि दुसऱ्याला दुखवणं वेगळं. म्हणून चपला वाकड्या काढल्या आणि बहिणीला चावलं या दोन्हीला एकाच पट्टीत ओरडू नका, मी वर्षभर तेच करत होते.

आठ-दहाच्या पोरांना खाली बिल्डिंगमध्ये खेळू द्या आणि गॅलरीतून पंचगिरी करू नका. पियाजे गोट्या खेळणाऱ्या पोरांना नियम विचारत बसायचा, आपल्याकडे क्रिकेट आहे. वन टिप वन हॅण्ड आउट, गच्चीत गेला तर आउट, हे पोरांनीच ठरवलेलं, सगळ्यांना मान्य असेल तर बदलताही येतं, हे त्यांना तिथेच कळतं. सुरुवातीला सगळ्यांना सारख्या ओव्हर्स यावरून मारामाऱ्या, आणि मग कधीतरी तीच पोरं एखाद्या बारक्याला कच्चा लिंबू करतात, तो आउटच होत नाही. सगळ्यांना सारखं आणि ज्याला जसं झेपेल तसं, या दोन्हीतला फरक शिकवायला याहून भारी क्लास मला तरी माहीत नाही, आणि फी शून्य.

अकरा-बाराच्या पुढे मित्रांना काय वाटेल, लोक काय म्हणतील हे घुसतं. लॉरेन्स कोल्हबर्ग या मानसशास्त्रज्ञाने चूक-बरोबर ठरवण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या, शिक्षेची भीती, मग देवाणघेवाण, मग चांगलं म्हणवून घेणं, मग कायदा, आणि वर दोन तत्त्वांच्या, जिथे मोठी माणसंही फार दिसत नाहीत (सोसायटीची मीटिंग आठवा). पण त्याचा 1958 चा मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर होता, कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुढे त्यावरच बोट ठेवलं, काळजी आणि नाती यांचा विचार खालच्या पायरीवर का म्हणून. त्यामुळे पायऱ्या मार्कांसारख्या वापरू नका. फक्त बोलताना पोराच्या पायरीच्या एकच पायरी वर बोला, "पकडला जाशील" म्हणणाऱ्याला संविधान नको, "तुझ्याशी कोणी असं केलं तर?" बास.

पोलिसांचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिलं, की माझंच चुकलं, पैसे वाचवायला तुला खोटं बोलायला लावलं. आता लाइनीत तोच पुढे होतो, काउंटरची जाळी धरून ओरडतो, "एक फुल्ल, एक हाफ, मी पाचचा आहे, रोज!"