मोंते मोरो खिंड: तस्करांच्या जुन्या वाटेवर या चुका टाळा

स्वित्झर्लंडमधली सास दरी आणि इटलीतलं माकुन्यागा यांच्या मधोमध मोंते मोरो ही साधारण २,८५० मीटर उंचीची खिंड आहे. विसाव्या शतकात कॉफी आणि सिगारेटी अशाच वाटांनी सीमा ओलांडून इटलीत उतरायच्या, माणसांच्या पाठीवरून. तीसेक किलोचं गोणपाटी ओझं घेऊन ‘स्पालोनी’, म्हणजे हे तस्कर, रात्रीचे निघायचे, पाऊल वाजू नये म्हणून जोड्यांवरही गोणपाट बांधायचे. आज इथे उघडपणे ट्रेक करता येतो. पण या कथा वाचून आलेला माणूस नेमका तिथेच चुकतो.

सर्वात मोठी चूक म्हणजे ‘खऱ्या’ चोरवाटा शोधायला जाणं. फरसबंदी मुख्य वाटेवर पहारा असायचा, म्हणून तस्कर आडवाटा धरत: खडकांच्या कडेने, तीव्र उताराच्या गवतातून. त्या वाटांची निगा आता कोणी राखत नाही. काही ॲपवर मात्र त्यांची बारीक रेघ अजून दिसते, आणि सह्याद्रीत ढोरवाटा पकडून चालायची सवय असलेल्याला मोह होतो. ओल्या गवतावरून पाय सटकला तर तिथे थांबवणारं झाडझुडूप नसतं. स्पालोनी याच डोंगरात लहानाचे मोठे झाले होते. तुम्ही पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणा सोडू नका. स्विस बाजूला पांढरी-निळी-पांढरी खूण दिसली, तर ती वाट कातळचढाई किंवा हिमनदी येऊ शकणाऱ्या अवघड मार्गाची आहे असं समजा.

खूणच सापडत नसेल तर? खिंडीखालच्या स्विस उतारावर कातळाच्या फरश्या आहेत आणि जुलैतही बर्फाचे पट्टे राहतात; रंग त्याखाली गडप होतो. अंदाजाने पुढे सरकू नका. शेवटच्या खुणेपाशी परत या, एकाने तिथेच उभं राहावं, दुसऱ्याने नजरेच्या टप्प्यात पुढची खूण शोधावी. धुक्यात तीही मिळाली नाही, तर आल्या वाटेने उतरा. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा.

उशिरा निघू नका. पो नदीच्या मैदानातली दमट हवा इटलीच्या बाजूने वर चढते आणि दुपारपर्यंत मोंते रोझा पर्वताची, पायथ्यापासून सुमारे २,४०० मीटर उंच उठलेली पूर्वभिंत ढगात जाते. त्यानंतर गडगडाटाचीही भीती. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवरची चालण्याची वेळ विश्रांती न धरता दिलेली असते, हेही लक्षात ठेवा.

दिवसाचा अंदाज फक्त चढावरून बांधणं ही आणखी एक चूक. मात्तमार्क धरणापासून खिंडीपर्यंत चढ जेमतेम साडेसहाशे मीटर, पण माकुन्यागापर्यंतचा उतार दीड हजार मीटरचा! गुडघे तिथेच बोलू लागतात. काठ्या न्याच. खिंडीजवळून रोपवे खाली जातो, पण त्या दिवशी तो चालू आहे का, हे निघण्याआधीच विचारा. वर ओबेर्तो-मारोली ही निवाऱ्याची झोपडी आहे. मुक्काम करायचा तर जागा आधी राखून ठेवा.

कागदपत्रं हॉटेलात ठेवून निघू नका. दोन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहेत, त्यामुळे खिंडीत सहसा कोणी अडवत नाही. तरी पासपोर्ट आणि व्हिसा जवळ हवाच. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तेव्हा मालावरचे सीमाशुल्काचे नियम आजही लागू आहेत.

परतीचा हिशेबही आधीच करा. डोंगरावरून एका दिवसात ओलांडलेलं अंतर रस्त्याने फार लांब पडतं: माकुन्यागाहून बस, दोमोदोस्सोलाहून सिंप्लॉन बोगद्यातून ब्रिगकडे जाणारी रेल्वे, मग पुन्हा बस. शेवटची बस चुकली की रात्र खालीच काढावी लागते.

मदतीसाठी बहुतेक स्वित्झर्लंडमध्ये १४१४ हा फोन नंबर सांगतात, पण सास दरी ‘वाले’ (Valais) नावाच्या प्रांतात येते आणि तिथे १४४ लावायचा. इटलीच्या बाजूला ११२. हेलिकॉप्टरचा खर्च भरून देणारा विमा भारतातूनच काढून या. फोनला रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा इशारे द्या, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटाला तीन इशाऱ्यांनी उत्तर देतो.