वीरगळ की नुसता दगड? वेफेररवर नॉमिनेशन पारखताना

पोकेमॉन गो आणि इन्ग्रेस हे प्रत्यक्ष फिरून खेळायचे मोबाइलवरचे खेळ. पोकेमॉन गोमधले पोकेस्टॉप आणि इन्ग्रेसमधली पोर्टलं, म्हणजे खेळाच्या नकाशावरची ठिकाणं, बहुतांशी खेळाडूंनीच सुचवलेल्या जागा असतात. त्या ठेवायच्या की नाही, हे वेफेरर या जागा तपासायच्या संकेतस्थळावर दुसरे खेळाडू ठरवतात. महाराष्ट्रातली नॉमिनेशनं, म्हणजे अशा सुचवलेल्या जागा, तपासताना दोन चुका हटकून होतात. शेंदूर फासलेला कुठलाही दगड ‘प्राचीन मंदिर’ म्हणून पास होतो आणि खराखुरा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, ‘यात काय पाहायचं?’ म्हणून उडवला जातो.

निकष तीन आहेत: जागा मुद्दाम जाऊन पाहण्यासारखी आहे का, तिथे माणसं जमतात का, तिथे व्यायाम होतो का. यातला एक बसला तरी पुरे. तिन्ही हवेत असं समजून नाकारणारे बरेच आहेत, त्यामुळे चांगल्या बागा आणि तालमी विनाकारण बाद होतात. जागा प्रसिद्ध असलीच पाहिजे, असंही कुठे म्हटलेलं नाही. शनिवारवाडा ओळखायला परीक्षक लागत नाही. खरी पारख लागते ती गावाबाहेरच्या पारावर.

तपासताना आधी फोटो, मग नकाशा आणि शेवटी मजकूर असा क्रम ठेवा. वर्णन आधी वाचलं की ‘५०० वर्षांपूर्वीचे जागृत देवस्थान’ डोक्यात बसतं आणि फोटोत नसलेलंही दिसू लागतं.

फोटोत घडणावळ शोधा. वीरगळावर सहसा एकावर एक कप्पे असतात: खाली लढाई किंवा पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश किंवा चंद्र-सूर्य. सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेल्या सतीशिळेवर बांगड्या घातलेला, कोपरात वाकलेला हात दिसतो. दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या गधेगळावर वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली गाढवाचं शिल्प असतं. शेंदराचे थर चढले की हे सगळं बुजतं, म्हणून फोटो मोठा करून कडा आणि कप्प्यांच्या आडव्या रेषा पाहा. बोरिवलीतल्या एकसरचे वीरगळ तर नौकायुद्ध दाखवतात. असा दगड एखाद्या वस्तीत सापडला आणि वर्णन एका ओळीचं असलं, तरी तो पास व्हायला हवा.

कोरीवकाम नसेल तर बांधकाम पाहा: चौथरा, घुमटी, दीपमाळ, नामफलक. झाडाच्या बुंध्याशी ठेवलेल्या तसबिरी आणि दोन नारळ म्हणजे कायमची वास्तू नाही. गणेशोत्सवाचा मांडव कितीही भव्य असला तरी तो उतरणारच, म्हणून नकार. त्याच मंडळाचं बारमाही मंदिर मात्र चालतं.

रोजच्या वस्तूंमध्ये फार वेळ घालवू नका. साधा बसथांबा, पाण्याची टाकी, एटीएम, गल्लीच्या नावाची पाटी: नकार. ओपन जिम, खेळाचं मैदान, सार्वजनिक वाचनालय: होकार. भिंतीवरच्या रंगकामात मात्र फरक करावा लागतो. स्वच्छतेच्या घोषणा आणि नगरपालिकेचं बोधचिन्ह एवढंच असेल तर ती जाहिरात झाली. वारीचं किंवा वारली शैलीतलं पूर्ण चित्र असेल तर ती कलाकृती.

काही जागा वस्तू कितीही चांगली असली तरी बाद होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारातला पुतळा, खासगी बंगल्याच्या अंगणातलं तुळशी वृंदावन, अग्निशमन केंद्राच्या किंवा रुग्णवाहिकेच्या वाटेत येणारी कमान या त्यातल्या. हाऊसिंग सोसायटीच्या सामाईक जागेतलं मंदिर वेगळं; ते चालू शकतं. शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला सार्वजनिक पायवाट जाते का, ते बघा.

आता नकाशा. भारतात गूगलचं स्ट्रीट व्ह्यू (रस्त्यावरून टिपलेली दृश्यं) २०२२ मध्ये मोजक्या शहरांतून सुरू झालं, त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. जिथे ते नाही, तिथे उपग्रहचित्र आणि सोबतचा, आजूबाजूचा परिसर दाखवणारा पूरक फोटो एवढाच आधार. पूरक फोटोतला रस्त्याचा वळसा, विजेचा खांब, शेजारच्या घराचं छप्पर उपग्रहचित्राशी जुळवून पाहा. दाट वडाखालची घुमटी वरून दिसणार नाही; तेवढ्यावरून ती खोटी ठरवू नका. पिन, म्हणजे नकाशावरची जागेची खूण, मात्र नीट तपासा. पोकेमॉन गोमध्ये नकाशाच्या साधारण ७० मीटरच्या एका चौकोनात एकच स्टॉप किंवा जिम (खेळातली लढतीची जागा) दिसते, म्हणून काही जण आपली जागा शेजारच्या रिकाम्या चौकोनात बसावी यासाठी पिन मुद्दाम सरकवतात. वस्तू रस्त्याच्या या बाजूला आणि पिन पलीकडे, असं दिसलं की हाच हिशेब असतो. जागा चांगली पण त्या चौकोनात आधीच स्टॉप आहे, ही मात्र परीक्षकाची चिंता नव्हे. निकषांत बसत असेल तर मान्य करा.

जवळच्या जागांची यादीही चाळा. मंदिर आणि त्यापुढची मोठी दीपमाळ या दोन स्वतंत्र जागा होऊ शकतात. तेच मंदिर मागच्या बाजूने काढलेलं असेल तर ती डुप्लिकेट, मग नाव ‘महादेव मंदिर’ऐवजी ‘शिवालय’ असलं तरीही.

मजकुरात नाव नेमकं हवं. ‘सुंदर मंदिर’ हे नाव होत नाही. स्टॉपवर खेळाडूंना शीर्षक आणि वर्णन दिसतं. पूरक निवेदन फक्त परीक्षकासाठी असतं, त्यामुळे तिथली विनवणी गुणांत धरू नका. पुरावा नसलेला प्राचीनतेचा दावा बाजूला ठेवा, पण केवळ त्या फुशारकीपायी चांगली वास्तू नाकारू नका. इंटरनेटवरून उचललेला फोटो वॉटरमार्कवरून कळतो, आणि स्क्रीनचा फोटो त्यावरच्या बारीक लहरी रेषांवरून. गाडीची नंबरप्लेट किंवा कुणाचा चेहराच मुख्य विषय झालेला फोटोही नकोच.

इतकं पाहूनही कौल लागत नसेल, तर अंदाजाने अंगठा दाबू नका. ते नॉमिनेशन वगळायची सोय आहे, ती वापरा.