इलेक्ट्रिकलचा प्राध्यापक नेमताय? कोकणातल्या महाविद्यालयांनी या चुका टाळाव्यात

चालू सर्किटमधल्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या (मोठा करंट मोजण्यासाठी लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) सेकंडरीचा, म्हणजे मीटरकडच्या वाइंडिंगचा, अ‍ॅमीटर नव्या सरांनी बदलायला म्हणून काढला. सेकंडरी उघडी पडली, ठिणगी उडाली आणि आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून निभावलं. भोवती दुसऱ्या वर्षाची मुलं उभी होती. हे सर आमच्या मुलाखतीत पहिले आले होते. दोन्ही पदव्यांना डिस्टिंक्शन, नावावर शोधनिबंध, उत्तरं अस्खलित. निवड समितीत मी होतो. आम्ही त्यांना अर्धा तास प्रश्न विचारले, पण त्याच इमारतीतल्या मशीन लॅबमध्ये नेलं नाही.

त्या दिवसापासून कोकणातल्या ज्या ज्या निवड समितीवर बसलो, तिथे हीच गोष्ट धरून बसलो. इलेक्ट्रिकलचा शिक्षक हातात वायर असताना बघितल्याशिवाय नेमायचा नाही. पण घोळ बहुतेक वेळा मुलाखतीच्या कितीतरी आधी, जाहिरात लिहितानाच सुरू होतो, म्हणून तिथून सांगतो.

जाहिरातीत नुसतं "इलेक्ट्रिकल, ४ जागा"

अशी जाहिरात दिली की जे जास्त संख्येने उपलब्ध आहेत तेच येतात. एका वर्षी आमच्याकडे निवडलेले चौघंही पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्ह्जचे निघाले. स्विचगिअर अँड प्रोटेक्शन कोणी घ्यायचं, यावर जुलैभर बैठका झाल्या. शेवटी ज्याने रिले (बिघाड ओळखून सर्किट तोडायला लावणारं उपकरण) कधी हाताळला नव्हता त्याने तो विषय शिकवला आणि मुलांनी तो पाठ केला.

जाहिरातीआधी विभागप्रमुखाने येत्या दोन वर्षांचं वेळापत्रक समोर घ्यावं आणि कोणत्या विषयाला माणूस नाही ते लिहावं. मशीन्स, पॉवर सिस्टिम्स, प्रोटेक्शन, कंट्रोल, मेजरमेंट यांपैकी जी पोकळी असेल ती "प्राधान्य" म्हणून जाहिरातीत नावानिशी घालावी. पात्रतेची अट त्याने बदलत नाही, येणारे अर्ज मात्र बदलतात. बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षित प्रवर्गाची याची नोंद, याच वेळी तपासून घ्या. ती नंतर अडली तर अख्खी प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

पात्रता दुसऱ्याच जाहिरातीवरून उतरवणं

कला-विज्ञानाची जाहिरात समोर ठेवून इंजिनिअरिंगची लिहिली की "नेट/सेट आवश्यक" ही ओळ तशीच येते आणि चांगले उमेदवार अर्जच करत नाहीत. नेटच्या विषयांच्या यादीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग हा विषयच नाही. सहायक प्राध्यापकासाठी एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) २०१९ च्या नियमावलीत संबंधित शाखेतली बी.ई. किंवा बी.टेक. आणि एम.ई. किंवा एम.टेक. लागते, दोन्हींपैकी एका पदवीला प्रथम वर्ग हवा. या पदाला पीएच.डी. सक्तीची नाही. सहयोगी प्राध्यापकाला मात्र पीएच.डी., मान्य नियतकालिकांतले ६ शोधनिबंध आणि ८ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली २ वर्षं पीएच.डी.नंतरची.

"संबंधित शाखा" या दोन शब्दांवर सर्वांत जास्त फाइली परत येतात. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्सची, एम.ई. पॉवर सिस्टिम्सची, असा उमेदवार चालतो का? मुख्य शाखा आणि त्यांच्याशी जुळणारे अभ्यासक्रम यांची यादी एआयसीटीईने दिलेली आहे. छाननीच्या टेबलावर ती हवीच. माणूस रुजू झाल्यावर विद्यापीठाची मान्यता अडली तर तो बिचारा अधांतरी राहतो, आणि यात त्याचा काहीच दोष नसतो. सीजीपीएचंही तसंच. उमेदवाराच्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र मागवा. एआयसीटीईच्या तक्त्यात १० पैकी ६.७५ म्हणजे ६० टक्के धरलेत, पण कारकुनाने अंदाजाने दहाने गुणून ६७.५ टक्के लिहिलेली प्रकरणं मी पाहिलीत.

मुलाखत फक्त खुर्चीत बसून घेणं

आता मूळ मुद्दा. वर्गात शिकवायला लावून उमेदवार पारखायला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांनीही वाट ठेवलेली आहे. तरी बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिक पाठ म्हणजे तीन परीक्षकांसमोर दहा मिनिटं, तोही घरून तयार करून आणलेल्या स्लाइडवर.

त्याऐवजी समोर खरी मुलं बसवा. आमच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली, पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं बरीच असतात. विषय अर्धा तास आधी द्या आणि फळ्यावर शिकवायला सांगा. मी बहुधा ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट चाचणी देतो. पहिल्या चाचणीत पुरवठा कमी व्होल्टेजच्या बाजूला आणि दुसरीत जास्त व्होल्टेजच्या बाजूला का देतात, हे बहुतेकांना पाठ असतं. पण एखादा मुलगा "उलट केलं तर काय बिघडेल, सर?" असं विचारतो तेव्हा कळतं समोर कोण उभं आहे. जो "बिघडणार काही नाही, फक्त रेटेड व्होल्टेज आणि रेटेड करंट लॅबमध्ये सहज मिळतील का ते बघ" असं म्हणून आकडे मांडतो, तो शिक्षक. ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट वाचून दाखवायला सांगितली तरी खूप कळतं.

मग लॅबमध्ये न्या. अर्धा तास पुरतो. डीसी शंट मोटर जोडून चालवायला सांगा आणि काही न बोलता बघा. तो फील्डचा (मोटरचं चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या वाइंडिंगचा) रिओस्टॅट, म्हणजे कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स, सुरुवातीला कमीत कमी रेझिस्टन्सवर आणतो का? फ्यूज बघतो का? बाहेर धो धो पाऊस असेल तर ओल्या पायांनी रबरी मॅटवर चढतो की आधी पाय पुसतो? नंतर विचारा, चालू मोटरचं फील्ड तुटलं तर थ्री पॉइंट स्टार्टरमध्ये काय होईल आणि फोर पॉइंटमध्ये काय. थ्री पॉइंटमध्ये स्टार्टरचं हँडल धरून ठेवणारी नो-व्होल्ट कॉइल फील्डच्याच सिरीजमध्ये असते, त्यामुळे हँडल सुटून मोटर बंद पडते. फोर पॉइंटमध्ये ते संरक्षण नसतं आणि हलक्या लोडवरची मोटर भरधाव सुटते. हे ज्याला आतून कळलेलं आहे, त्याच्या हाती मुलं सुरक्षित आहेत. करंट ट्रान्सफॉर्मरचा प्रश्न तर मी आता कधीच सोडत नाही. प्रायमरीचा करंट लोड ठरवतो. सेकंडरी उघडली की त्याला तोलणारं कोणी उरत नाही, सगळा करंट कोअर मॅग्नेटाइझ करण्यात जातो आणि उघड्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज चढतं. म्हणून मीटर काढण्याआधी टोकं शॉर्ट करायची.

एक प्रश्न खास आपल्या हवेचा. मे महिनाभर बंद असलेलं मशीन जूनच्या अखेरीस सुरू करण्याआधी काय कराल? खाऱ्या, दमट हवेत वाइंडिंग ओल धरतं. मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजायचा. मशीनचे किलोव्होल्ट अधिक एक, तितके मेगाओहम, हा किमान मर्यादेचा जुना ठोकताळा. ४१५ व्होल्टच्या मशीनला तो दीडच्या जवळ येतो. त्याहून कमी आला तर वाइंडिंग बल्बच्या किंवा हीटरच्या उबेत वाळवायचं आणि परत मोजायचं. हे उत्तर ऐकलं की मला निम्मी खात्री पटते.

या फेरीला प्रयोगशाळा सहायक हजर असू द्या. त्यांना गुण द्यायचा अधिकार नसतो, पण नंतर चहा घेताना त्यांचं मत विचारा. आम्ही प्राध्यापक उत्तरं ऐकत असतो तेव्हा ते उमेदवाराचे हात बघत असतात.

अर्ज आले, उमेदवार आले नाहीत

तारीख बघा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झाल्यावर गाड्या हळू चालतात, आंबा घाटात किंवा परशुराम घाटात दरड आली की रस्ताही अडतो. नांदेड, अमरावती, नागपूरकडचा एम.टेक. झालेला मुलगा जुलैत पोचणार कसा? गणपतीच्या आठवड्यात मुलाखत ठेवलेली मी पाहिली आहे. चाकरमान्यांनी गाड्या भरलेल्या असताना आरक्षण मिळणार कुठून? जाहिरात जानेवारी-फेब्रुवारीत द्या, पहिली गाळणी ऑनलाइन करा आणि लॅबची फेरी मार्च-एप्रिलमध्ये उरका.

पगारही स्पष्ट लिहा. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे. तुम्ही एकत्रित मानधन देणार असाल किंवा जागा तासिका तत्त्वावर असेल, तर ते जाहिरातीतच सांगा. "नियमानुसार" एवढं लिहून माणसाला बाराशे रुपये तिकीट काढून बोलवायचं आणि आकडा शेवटी सांगायचा, हा अन्याय आहे.

जवळची माणसं न दिसणं

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठापासून सावंतवाडीपर्यंत आपण शिक्षक नाहीत म्हणतो. पण पोफळीला कोयनेची वीजगृहं आहेत, जयगडला १,२०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, आणि २०२२ मध्ये कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग २५ किलोव्होल्टच्या विजेवर आला. तिथे आयुष्य काढलेले अभियंते आजूबाजूलाच आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस"मध्ये १५ वर्षांचा अनुभव असलेल्यांना औपचारिक पदवीच्या अटीशिवाय बोलावता येतं, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. ही पदं मंजूर पदांच्या बाहेरची असतात, म्हणून त्यांनी नियमित जागा भरली असं दाखवू नका. प्रोटेक्शनचे तास मात्र त्यांच्याकडे जरूर द्या.

रुजू झाले, दिवाळीनंतर गेले

याची कारणं महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर असतात. गावात दहा घरं बंद दिसतात, पण मालक मुंबईला आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. परक्या माणसाला ते घर कोण देणार? स्थानिक सहकाऱ्याने एक फोन केला तर काम होतं. संस्थेने तो फोन कर्तव्य म्हणून करावा. जोडीदाराच्या नोकरीचा आणि मुलांच्या शाळेचा विषय नेमणूकपत्राच्या वेळीच काढा.

पहिल्या सत्रात आठवड्याला १६ तासांच्या वर जाऊ नका आणि तीन नवे विषय एकदम देऊ नका. मे-जूनमध्ये प्रवेशासाठी गावोगाव फिरायचं काम नव्या माणसावर टाकू नका. आणि तरीही जो जाईल, त्याला शेवटच्या दिवशी बसवून कारण विचारा, लिहून ठेवा आणि पुढची जाहिरात लिहिताना ते कागद काढा. आमच्या विभागात अशी एक फाइल आहे. तिच्यात "घर मिळालं नाही" हे कारण पगारापेक्षा जास्त वेळा आलं आहे.