फोटोशॉप ग्राफिक्स कार्ड ओळखत नाही? नवं कार्ड घेण्याआधी हे बघा

झूम केलं की चित्राचे चौकोन पडतात, कॅनव्हास मध्येच काळा होतो, ब्रश हाताच्या मागून रेंगाळत येतो. अशी तक्रार घेऊन गेलात की पहिला सल्ला मिळतो, 'कार्ड बदला'. थांबा. आधी फोटोशॉप नेमकं कोणतं कार्ड वापरतंय ते बघा. (खालचं सगळं विंडोजसाठी आहे.)

'हेल्प' मेनूत 'जीपीयू कंपॅटिबिलिटी' उघडा. कार्डाचं नाव आणि कुठे अडलंय ते तिथे दिसतं. जुन्या आवृत्तीत हा पर्याय नसेल, तर त्याच मेनूतलं 'सिस्टीम इन्फो' वाचा. कार्डाला डायरेक्टएक्स 12 (विंडोजमध्ये ग्राफिक्स चालवणारी प्रणाली) चालत नसेल, तर नवीन फोटोशॉपच्या दृष्टीने ते बादच. तिथे सेटिंग उकरून उपयोग नाही. जुन्या आवृत्तीवर काम करा किंवा खरंच कार्ड बदला.

नाव भलत्याच कार्डाचं दिसलं, तर बहुतेक वेळा चोर सापडला. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतात: प्रोसेसरमधलं साधं आणि वेगळं बसवलेलं दमदार. बॅटरी वाचवायला विंडोज साध्यावर काम ढकलतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जा, यादीत फोटोशॉप घ्या, 'हाय परफॉर्मन्स' निवडा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू करा.

डेस्कटॉपवाल्यांनी सीपीयूच्या मागे वाकून बघावं. लग्नपत्रिकांच्या ऐन सीझनला माझं मशीन अचानक मंदावलं. दोन दिवस ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढ-घाल करण्यात गेले. शेवटी कळलं, धूळ झटकताना मीच मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचली होती! मदरबोर्डचं पोर्ट उभ्या पट्टीत, यूएसबीच्या शेजारी असतं. कार्डाचं त्याच्या खाली, आडवं. केबल खालच्यात हवी.

आता ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर कार्डाचा खरा ड्रायव्हर चालूच नाही. तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. विंडोज अपडेटवर विसंबू नका, तिथे बऱ्याचदा मागची आवृत्ती मिळते. एनव्हिडिया असेल तर 'गेम रेडी'ऐवजी 'स्टुडिओ' ड्रायव्हर निवडा. बसवताना 'क्लीन इन्स्टॉल'वर टिक करा, म्हणजे जुन्याचा कचरा राहत नाही. उलट, नवा ड्रायव्हर टाकल्यावरच बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधूनच 'रोल बॅक' करा. नवं म्हणजे चांगलंच, असं ड्रायव्हरच्या बाबतीत मी तरी मानत नाही.

मग एडिट, प्रेफरन्सेस, परफॉर्मन्स. 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची टिक काढून फोटोशॉप पुन्हा उघडा. त्रास थांबला, तर दोष कार्डाकडचा किंवा ड्रायव्हरचा. तरीही तसाच राहिला, तर रॅम किंवा भरलेली स्क्रॅच डिस्क (फोटोशॉप कामाच्या तात्पुरत्या फाइल्स ठेवतं ती डिस्क) तपासा. टिक कायमची काढून ठेवू नका. रोटेट व्ह्यू, पिक्सेल ग्रिडसारख्या सोयी तिच्याशिवाय चालत नाहीत.

एवढं करूनही कॅनव्हास काळाच राहिला, तर प्रेफरन्सेसमधल्या 'टेक्नॉलॉजी प्रीव्ह्यूज'मध्ये 'डिॲक्टिव्हेट नेटिव्ह कॅनव्हास' चालू करून बघा. त्याचाही उपयोग झाला नाही, तर फोटोशॉप उघडताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट एकत्र दाबून धरा आणि सेटिंग्ज काढू द्या. मात्र त्याआधी ब्रश आणि ॲक्शन्स एक्सपोर्ट करून ठेवा.