गंगापूर धरणातून पुराचे पाणी सोडताना
पावसाळ्याच्या मध्यावरच धरण काठोकाठ भरू देऊ नये. परिचलन सूचीत (कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचे, त्या तक्त्यात) ठरलेल्या पातळीच्या वरचे पाणी सोडून पुरासाठी जागा मोकळी ठेवावी. त्र्यंबकेश्वर परिसरातला पाऊस आणि वरच्या काश्यपी व गौतमी धरणांतून येणारे पाणी धरून येवा (धरणात येणारे एकूण पाणी) दर तासाला काढावा. तो वाढू लागताच, नदीकाठी इशारा देऊन, दरवाजे थोडे थोडे उचलावेत, कारण भरलेल्या धरणातून एकदम सोडलेला लोंढा नाशिकच्या गोदाघाटावर आवरत नाही. सोडलेले पाणी क्युसेकमध्ये मोजतात; १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. सोडलेल्या पाण्यात धरणाखालच्या नाल्यांचे पाणी मिसळत असल्याने शहरातल्या होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आकडा वेगळाही पाहावा. (नाशिककर मात्र गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर चढले, त्यावरूनच पूर मोजतात.) येवा ओसरल्यावर दरवाजे टप्प्याटप्प्याने उतरवावेत.