इंग्रजीत वाऱ्याची दिशा आणि प्रवासाची दिशा
हवामानाच्या इंग्रजी वृत्तात वाऱ्याला ‘वेस्टर्ली’ म्हटले असेल, तर तो पश्चिमेकडून येत आहे असे समजावे. महामार्गावरील ‘वेस्टबाउंड’ ही पाटी मात्र पश्चिमेकडे जाणारी मार्गिका दाखवते, आणि या दोहोंची गल्लत झाल्यास अर्थ नेमका उलटा होतो. वाऱ्याची ही रीत आपल्याला परकी नाही, कारण नैर्ऋत्य मोसमी वारेही ते जिथून येतात त्या दिशेवरूनच ओळखले जातात. अंशांतही हाच नियम लागू असतो: उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास ९० म्हणजे पूर्व व २७० म्हणजे पश्चिम, म्हणून २७० अंशांचा वारा पूर्वेकडे वाहतो. खरी दक्षता सागरी प्रवाहांच्या बाबतीत हवी, कारण ‘वेस्टर्ली करंट’ हा पश्चिमेकडे जाणारा प्रवाह असतो.

जहाजावर ‘पोर्ट’ म्हणजे पुढच्या टोकाकडे तोंड केल्यावर येणारी डावी बाजू आणि ‘स्टारबोर्ड’ म्हणजे उजवी. पाहणारा मागे वळला तरी ही नावे बदलत नाहीत. रात्री पोर्टकडे लाल, तर स्टारबोर्डकडे हिरवा दिवा असतो.