घरी गाणं रेकॉर्ड करताना: आधी गोंगाट ओळखा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत छत उंच, फरशी गुळगुळीत, भिंती दगडी. अशा खोलीत गळा कितीही तयार असला तरी रेकॉर्डिंगमध्ये आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. ग्वाल्हेरात ख्याल शिकणारी बरीच मुलं मग महाग माइक घेतात. पण तो माइकही तीच खोली ऐकतो. पैसे खर्चण्याआधी गोंगाट कुठला, ते शोधा.

गाताना ठेवता तोच गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा, ते बटण) ठेवून 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगची पातळी दाखवणारा मीटर (यात 0 म्हणजे कमाल, आवाज जितका कमी तितका आकडा शून्याखाली) −60 डेसिबलच्या खाली असेल तर काम चालेल. −50 च्या वर असेल तर कूलर, पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर एकेक करून बंद करा आणि दर वेळी पुन्हा रेकॉर्ड करून ऐका. मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही, म्हणून खोली आधी गार करून घ्या, कूलर बंद करा आणि दहा मिनिटांत एक टेक उरका. पहाटे पाचचा रियाझ असेल तर तीच वेळ रेकॉर्डिंगलाही उत्तम.

सगळं बंद करूनही खालची गुणगुण राहिली तर ती विजेची, 50 हर्ट्झची आणि तिच्या पटींची. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. लाइट गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर ही गुणगुण वाढते, तेव्हा थांबलेलं बरं. गुणगुणीऐवजी बारीक फसफस येत असेल तर बहुतेक वेळा माइक लांब असतो आणि गेन फार वाढवलेला असतो.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो अंतरानं, आणि त्याला खर्च शून्य. तोंड माइकपासून 30 सेंटिमीटरवरून 15 वर आणलं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. माइक थोडा तिरका ठेवा, म्हणजे प, फ, भ चा झोत सरळ त्याच्यावर येणार नाही. पॉप फिल्टर, म्हणजे हा झोत अडवणारी जाळी, माइकच्या 6 ते 8 सेंटिमीटर पुढे लावा.

रजया माइकच्या मागे टांगण्याची चूक सर्रास होते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं, त्याला ऐकू येते ती तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून जाड कापसाच्या दोन-तीन रजया गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टांगा, भिंतीपासून दहा सेंटिमीटर सोडून. भिंतीला चिकटवलेली रजई कमी काम करते. खाली गादी हवी. पातळ सतरंजी फक्त वरचे सूर शोषते. अंड्यांचे ट्रे लावण्यात अर्थ नाही. आणि रजया घुमणं कमी करतात, रस्त्यावरची वाहनं नाही. त्यासाठी दाराखालची फट टॉवेलनं बुजवा, खिडकी घट्ट लावा, रस्त्यापासून सगळ्यात दूरची खोली निवडा.

रेकॉर्डिंग 24 बिटवर करा आणि तार सप्तकातही मीटर −6 च्या वर जाऊ देऊ नका. लो-कट, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारं फिल्टर, 80 हर्ट्झवर लावा असं सगळीकडे सांगतात, पण काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र षड्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो. खर्जाची वजनदार बाजू त्यात जाते. तिथे 60 हर्ट्झ पुरे, पण तेवढ्यानं 50 ची गुणगुण पुरती जात नाही, आणि म्हणूनच विजेची गुणगुण मुळातच काढणं गरजेचं आहे.

नॉइज गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारी सोय, ख्यालाला लावू नका. मींड विरत जाते तिथेच तो दार लावतो, सुराची रेंगाळणारी आस कापली जाते. नॉइज रिडक्शन वापरायचंच तर टेकच्या सुरुवातीची पाच सेकंदांची शांतता नमुना म्हणून द्या आणि 6 ते 8 डेसिबलवर थांबा. त्यापुढे आवाजात पाण्यासारखी चिवचिव येते. नमुन्यात तानपुरा असेल तर सॉफ्टवेअर त्यालाही गोंगाट समजून पुसतं, गळ्यातले तेच सूर खरवडले जातात. म्हणून तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि गाताना बंद हेडफोनमधून ऐका. एक कान मोकळा हवा असेल तर हेडफोनचा त्या बाजूचा कप कानामागे डोक्यावर घट्ट दाबून बसवा, नाहीतर त्यातून तानपुरा माइकमध्ये गळतो.